शेऱ्याचा रकाना

प्रत्येक आरोग्य केंद्राभोवती
पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं
आणि आत आली ती गावं हिरवी केली.
उंबरवणे हिरवं झालं.
अंतर दोन पूर्णांक तीन,
सरळ रेषेत.

जावळीत सरळ रेषेत कोण जातं?
घारी. आणि दिवाळीनंतर येणारी
ती काळी-पांढरी पाखरं, नाव माहीत नाही.
बाकी सगळं वळसा घालून:
रस्ता, ओढा, गवा, लग्नाचं बोलणं.

मधे कोयनेचं पाणी आहे.
निळ्या थरात आहे, मी बघितलं,
पण निळा थर आपणहून वर्तुळाशी बोलत नाही,
त्याला सांगावं लागतं,
आणि पोवई नाक्याजवळच्या आमच्या कार्यालयात
शुक्रवारी साडेचारला
कुणी कुणाला काही सांगत नसतं.

शिवाय, गाव म्हणजे एक ठिपका, असा नियम.
शीव घ्यायची, तिचा मध्य काढायचा.
संगणकाने उंबरवण्याचा मध्य काढला
आणि ठेवला धरणात,
काठापासून नऊशे मीटर आत.
शीव जुनीच होती,
पाणी येण्याआधीच्या नकाशावरून गिरवलेली.
शिंगटे साहेब म्हणाले, बुडालंय की हो, काढा बाहेर.
मी माउसने धरून काठावर ठेवलं.
पुनर्वसनाला अर्धा सेकंद लागला.

त्या शनिवारी गेले.
लाँचवर सहदेव उतेकर.
मोबाइलमध्ये जुना ठिपका होता, न हलवलेला.
म्हटलं, इथं जरा थांबवता?
त्याने इंजिन बंद केलं, का ते विचारलं नाही.
लाँच सरकत राहिली, ठिपका नाचत राहिला,
दहा-बारा मीटर इकडे, तिकडे.
मग तो म्हणाला,
‘म्याडम, यंत्राला कुणी सांगितलं?
हितं खाली शाळा हाय.
मे महिन्यात पाणी उतरलं की जोतं दिसतं.
आमचा बा हितंच दुसरी नापास झाला.’

गावात चुली पेटतात त्या एकोणीस.
कमळा जंगम यांचं घर, गोठा
आणि एक अंजनीचं झाड
तीस मीटरच्या एकाच चौकोनात मावतात.
उपग्रहाने तिघांची सरासरी काढली,
म्हणून नकाशात त्या जंगलात राहतात.
विचारलं, दवाखाना किती लांब?
म्हणाल्या, वारा बघून सांगते.
पदर बोटात धरून खरंच बघितला.
फेब्रुवारीत सुनेला नेली, बिडी संपायच्या आत पोचलो.
जुलैत दिराला नेताना
एवढं म्हणून
सुपातल्या नाचणीत खडे शोधायला लागल्या.
नाचणी निवडून झालेली होती.

सोमवारी तालुका एक्क्याण्णव टक्के हिरवा.
गट जरा वेगळे पाडून बघितले,
चौऱ्याऐंशी झाला,
एक माणूससुद्धा जागचा न हलता.
साहेब म्हणाले, एक्क्याण्णव राहू दे.

वाऱ्यासाठी थर नव्हता.
शेऱ्याचा रकाना होता, शेवटचा,
छापताना कागदाबाहेर जातो तो.
त्याला दोनशे चौपन्न घरं.
इंग्रजी अक्षर एका घरात राहतं,
मराठीला तीन लागतात,
वेलांटीला वेगळी तीन, अनुस्वाराला वेगळी.
मी सगळं लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.
जतन केलं, बंद केलं,
पुन्हा उघडलं तेव्हा उरलं होतं ते असं:

पाणी मधे आहे. लाँच सहापर्यंत.
वारा सुटला तर नाही.
रस्ता साठ कि.मी.
कमळा जंगम यांचे दीर, जुलै, रात्री,